विकिपीडिया आणि दोन चिमणाबाई

वडोदऱ्यात चिमणाबाई म्हटले की रावपुऱ्याचा टॉवर डोळ्यांपुढे येतो. तो सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नी, तंजावरच्या लक्ष्मीबाई, यांच्या स्मरणार्थ. त्या १८८५ मध्ये वारल्या. १९२७ साली पुण्याच्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या त्या दुसऱ्या पत्नी, देवासच्या घाटग्यांच्या गजराबाई. सासरी दोघींचेही नाव चिमणाबाईच ठेवले गेले. एकीची माहिती दुसरीच्या नावावर चढायला एवढे पुरे!

स्त्रियांची चरित्रे लिहिताना ही अडचण पावलोपावली येते. माहेरचे नाव, सासरचे नाव, कधी नुसतेच ‘सौ.’ आणि पुढे यजमानांचे नाव. म्हणून आम्ही आधी नावांचा माग काढतो आणि इतर नावांवरून मूळ लेखाकडे पुनर्निर्देशन देतो. मग एकेक विधान तपासायचे. ‘आजी सांगायची’ हा विकिपीडियावर संदर्भ होत नाही, प्रकाशित पुरावा लागतो. आपल्याच नातेवाइकांवर लेख लिहिणेही टाळावे. चर्चा पानावर माहिती सुचवावी, दुसरा कोणी ती पडताळून घेईल. ‘थोर’, ‘आदर्श माता’ ही विशेषणे आम्ही बेलाशक काढतो. त्याने काहींना वाईट वाटते, पण बाईंनी काय केले ते त्यातून कळतच नाही.

घरी जुन्या स्मरणिका किंवा मासिके असतील तर रद्दीत देण्यापूर्वी मंडळात दाखवा. प्रकाशनाचे नाव, वर्ष आणि पृष्ठक्रमांक मात्र शाबूत हवा.