मदतनीस कोणाचा?

कॅलिफोर्नियातल्या शाळेने एड रॉबर्ट्सला उत्तीर्णतेचा दाखला नाकारला, कारण त्याने व्यायामाचा आणि मोटार चालवायला शिकण्याचा विषय पूर्ण केला नव्हता. चौदाव्या वर्षी पोलिओ होऊन त्याचं मानेखालचं शरीर जवळजवळ निकामी झालं होतं. रात्री तो ‘आयर्न लंग’मध्ये झोपायचा, म्हणजे श्वास चालू ठेवणाऱ्या धातूच्या भल्या मोठ्या नळकांड्यात. त्याची आई झोना शिक्षण मंडळाशी भांडली आणि दाखला मिळवला. पुढे राज्याच्या पुनर्वसन खात्याने हा मुलगा कधीच नोकरी करू शकणार नाही असं ठरवून शिक्षणाचा खर्च नाकारला. वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर खातं नमलं आणि १९६२ साली एड बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला. साडेतीनशे किलोंहून जड यंत्र ठेवता येईल असं वसतिगृहच नव्हतं, म्हणून आवारातल्या कॉवेल रुग्णालयात त्याला खोली मिळाली.

त्याच्यामागून तिथे आणखी विद्यार्थी आले. दशक संपता संपता ते दहा-बारा जण झाले आणि स्वतःला ‘रोलिंग क्वाड्स’ म्हणवू लागले. हातपाय न हलवता येणाऱ्या या मुलांना उठवायला, अंघोळ घालायला, भरवायला माणूस लागायचा. मात्र हा माणूस ती स्वतः नेमत, काम शिकवत आणि पटलं नाही तर बदलतही. किती वाजता उठायचं, रात्री कुठल्या सभेला जायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. स्वावलंबन म्हणजे सगळं आपल्या हाताने करणं, अशी आपली शिकवण. बर्कलीच्या या मुलांनी हिशेब वेगळा मांडला. शर्टाचं बटण कोण लावतं याला त्यांच्या लेखी महत्त्व नव्हतं. कुठला शर्ट घालायचा हे कोण ठरवतं, हा त्यांचा प्रश्न होता. अपंगत्वाच्या राजकारणातला इतका मूलगामी विचार मला दुसरा माहीत नाही.

१९७२ मध्ये त्यातूनच ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ उभं राहिलं. ते अपंग माणसांनीच चालवलेलं होतं. मदतनीस शोधून देणं, राहण्याजोगं घर मिळवून देणं, व्हीलचेअर दुरुस्त करणं अशी कामं तिथे चालत. दुरुस्ती फार महत्त्वाची होती. विजेवरच्या खुर्च्या रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीसाठी बनलेल्या. शहराच्या रस्त्यावर त्या सारख्या मोडत आणि खुर्ची मोडली की माणूस घरात अडकून पडे. १९७५ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी रॉबर्ट्स यांना राज्याच्या पुनर्वसन खात्याचं संचालक नेमलं. त्यांना नोकरीला नालायक ठरवणारं खातं ते हेच.

त्याच काळात देशपातळीवर वेगळा पेच पडला होता. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेने अपंगांशी भेदभाव करू नये, असं १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या ५०४ व्या कलमात आलं होतं. पण नियमांशिवाय कलम कागदावरच राहतं, आणि नियमांवर सही होत नव्हती. चार वर्षं गेली. कार्टर सरकारचे मंत्री जोसेफ कॅलिफानो नियमांत फेरफार करू पाहू लागले, तेव्हा ५ एप्रिल १९७७ रोजी अनेक शहरांत ठिय्या सुरू झाला. वॉशिंग्टनमध्ये आत अन्न जाऊ दिलं नाही, त्यामुळे तिथला ठिय्या फार टिकला नाही. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र दीडशेच्या आसपास माणसं सरकारी इमारतीत शिरली आणि तिथेच राहिली.

नेतृत्व ज्युडी ह्यूमन आणि किटी कोन यांच्याकडे होतं. व्हीलचेअरवर बसते म्हणून ह्यूमन यांना न्यूयॉर्कमध्ये शिक्षिकेचा परवाना नाकारला गेला होता. तो त्यांनी कोर्टात जाऊन मिळवला होता. आत कित्येकांना रात्री कुशीवर वळवावं लागे, काहींना लघवीच्या नळीची गरज होती, औषधं थंड ठेवायची होती. म्हणून वातानुकूलन यंत्राला खोकं चिकटवून फ्रिज केला गेला. फोन तोडल्यावर बहिऱ्या आंदोलकांनी खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप पोचवले. ब्रॅड लोमॅक्स हे कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते स्वतः आत होते आणि त्यांचा पक्ष रोज सगळ्यांसाठी गरम जेवण पाठवत होता. एकमेकांना भरवत, उचलत, सांभाळत ही माणसं तिथे तीन आठवड्यांहून अधिक राहिली. २८ एप्रिलला कॅलिफानो यांनी बदल न करता सही केली. १९९० चा ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट’ याच पायावर उभा आहे.

स्वतंत्रपणे, समाजात राहण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात १९ व्या कलमाने आला. भारताने २००७ मध्ये करार मान्य केला आणि त्यातून आपला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला. त्याच्या पाचव्या कलमात समाजात राहण्याचा हक्क आहे, वैयक्तिक मदतनिसाचा उल्लेखही आहे. ज्यांना जास्त आधार लागतो, त्यांच्यासाठी देखभाल भत्त्याची तरतूद २४ व्या कलमात आहे, पण सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. एवढ्या अटीने हक्काचं रूपांतर कृपेत होतं. मग अंघोळ, शौच, भरवणं आईच्या, बहिणीच्या, वहिनीच्या अंगावर पडतं. बिनपगारी राबणाऱ्या वहिनीला ‘आज उशिरा उठेन’ असं सांगण्याची सोय नसते, आणि तिलाही आजारी पडण्याची सोय नसते.

नियमांचा पेच आपल्याकडेही पडला. इमारती, वाहतूक, संकेतस्थळं सर्वांना वापरता यावीत, यासाठीचा, २०१६ च्या कायद्याखालचा पंधरावा नियम नुसत्या शिफारशींपुरता राहिला, म्हणून ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान निकष बंधनकारक करायला तीन महिन्यांची मुदत दिली.

महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातं केलं, ही मोठी गोष्ट आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा, हा आदेशही आहे. तीनचाकी आणि कुबड्या लागतातच, त्या द्याव्यात. पण या निधीतून एखाद्या तालुक्याने मदतनिसाचा पगार सुरू करून पाहावा. रक्कम दिव्यांग माणसाच्या खात्यात जमा व्हावी आणि माणूस त्याने नेमावा, घरातला किंवा बाहेरचा. खर्चाचा आराखडा ज्या बैठकीत ठरतो तिथे तो मतासह बसलेला असावा, आणि ती बैठक जिना चढून जायच्या सभागृहात घेऊ नये.