पुढचा सूर ठाऊक असणारा मेंदू

क्लाइव्ह वेअरिंग हे लंडनमधले जाणते संगीतज्ञ, वृंदगायनाचे दिग्दर्शक. मार्च १९८५मध्ये, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, ओठांवर फोड आणणारा हर्पीसचा विषाणू त्यांच्या मेंदूत शिरला. जीव वाचला, स्मृती गेली. नवी गोष्ट मनात अर्ध्या मिनिटापलीकडे टिकेना. आपण आत्ताच, पहिल्यांदा जागे झालो, असं ते वहीत लिहीत आणि थोड्या वेळाने ती नोंद खोडून पुन्हा तेच लिहीत. पत्नी डेबोरा जरा बाहेर जाऊन आली, तरी युगांनी भेटल्यासारखं तिला कवटाळत.

एवढ्या पडझडीत दोन गोष्टी शाबूत राहिल्या: डेबोरावरचं प्रेम आणि संगीत. पियानोवर स्वरलिपी ठेवली की बोटं बिनचूक चालत. जुन्या गायकवृंदापुढे उभं केलं, तर ते गाणं शेवटपर्यंत नेत. संपलं की आपण काही वाजवलं, गाववलं, याचा मागमूस राहत नसे. ऑलिव्हर सॅक्स यांनी ‘म्युझिकोफिलिया’त (२००७) त्यांच्यावर सविस्तर लिहिलं आहे.

हे शक्य झालं, कारण मेंदूत स्मृतीचं एकच कोठार नसतं. काल काय घडलं, हे साठवायला हिप्पोकॅम्पस हा भाग लागतो. वेअरिंग यांचा तोच उद्ध्वस्त झाला होता. पण सायकल चालवणं, पोहणं, हार्मोनियमवर हात बसणं, हे सगळं सांभाळतात मेंदूच्या तळाशी असलेली केंद्रं आणि लहान मेंदू. अल्झायमरचा आजार वेगळा, तरी तिथेही काहीसं असंच दिसतं. जर्मनीत लाइपझिगच्या संशोधकांनी २०१५मध्ये दाखवलं, की फार वर्षांच्या ओळखीची गाणी ऐकताना मेंदूचे जे भाग विशेष जागे होतात, त्यांना या आजाराची झळ तुलनेने कमी बसते. त्यातला एक भाग हालचालीची आखणी करणारा आहे. मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. गाणं मेंदूत नुसतं ध्वनिमुद्रण होऊन पडत नाही. पुढे काय करायचं, याची तयारी म्हणून ते राहतं.

आनंदाची मुळंही या तयारीतच आहेत. माँट्रियलमध्ये २०११साली झालेल्या प्रयोगात लोकांना अंगावर काटा आणणारं त्यांचं आवडतं संगीत ऐकवलं. तो उत्कट क्षण आला तेव्हा मेंदूच्या एका भागात डोपामिन हे रसायन स्रवलंच; पण तो येण्याआधी, नुसत्या चाहुलीनेही, त्याच्या शेजारच्याच भागात ते स्रवलं होतं. आपल्या मैफिलीच्या श्रोत्याला यासाठी यंत्राची गरज नाही. तिहाईचा तिसरा पल्ला सुरू होताच माना समेकडे निघालेल्या असतात. आणि कलावंताने हुलकावणी दिली, तर दाद दुप्पट!

संगीत उपचारालाही उपयोगी पडतं. पक्षाघातात डावा मेंदू दुखावून वाचा गेलेले काही रुग्ण शब्द बोलू शकत नाहीत, पण गाऊ शकतात. त्यावरून १९७३मध्ये बोस्टनमध्ये एक उपचारपद्धती निघाली: साधी वाक्यं सुरात म्हणायची, डाव्या हाताने ठेका धरायचा, मग हळूहळू सूर काढून घ्यायचा.

‘मोझार्ट ऐकवा, मूल हुशार होईल’ हे मात्र सोडून द्यावं. १९९३चा मूळ प्रयोग कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांवर होता आणि परिणाम जेमतेम पंधरा मिनिटं टिकला. तरी १९९८मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला संगीताची सीडी देण्यासाठी सरकारी पैसा मागितला.

बाळांवरचा खरा उद्बोधक प्रयोग कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातला, २०१४चा. चौदा महिन्यांच्या बाळाला छातीशी बांधून एक जण संगीताच्या तालावर हलवतो. समोरची बाई त्याच तालात हलते, किंवा मुद्दाम बेताल. नंतर तिच्या हातून वस्तू ‘चुकून’ पडते. तालात हललेल्या बाईला बाळं जास्त वेळा ती उचलून देतात. जात्याच्या एकाच खुंट्याला हात लावून ओव्या गाणाऱ्या जावा-नणंदा, टाळाच्या ठेक्यावर पावली खेळणारी दिंडी यांना हे ऐकून नवल वाटणार नाही.

पण पुढच्या प्रयोगाने या जवळिकीची हद्दही दाखवली. तालात हललेल्या बाईच्या मैत्रिणीलाही बाळांनी आपुलकीने मदत केली. तिच्याशी संबंध नसलेल्या तिऱ्हाइताला मात्र त्या तालाचा काही फायदा झाला नाही. घोषणा, बिगुल आणि संचलनाचे ढोल वापरणाऱ्यांना हे फार आधीपासून ठाऊक होतं.