यकृताला टिचकी

माझ्या फायलीत पोटाच्या सोनोग्राफीचे दोन रिपोर्ट आहेत. एकात ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’. तीन आठवड्यांनी दुसऱ्या ठिकाणी काढलेल्यात ‘ग्रेड टू’. तीन आठवड्यांत इतके वडापाव मी खाल्ले नव्हते. पण दोघांतलं कुणी चुकलं, असंही म्हणता येत नाही.

साध्या सोनोग्राफीत चरबी मोजत नाहीत, नजरेनं जोखतात. यकृताच्या पेशींत चरबीचे थेंब साठले की आवाजाच्या लहरी त्यांवर आपटून जास्त विखुरतात, जास्त परततात आणि पडद्यावर यकृत उजळ दिसतं. ते किती उजळ, हे ठरवायला शेजारीच उजवं मूत्रपिंड असतं. त्याच्यापेक्षा यकृत जरा पांढुरकं दिसलं तर ग्रेड वन. आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट झाल्या तर टू. लहर खोल पोचेनाशी होऊन मागचं श्वासपटलही दिसेनासं झालं तर थ्री. आता यंत्राचं बटण जरा फिरवलं की उजळपणा बदलतो. तपासणाऱ्याची नजर वेगळी, खोलीतला अंधार वेगळा. शिवाय पाच टक्क्यांपेक्षा जास्त पेशींत चरबी दिसली की तिला आजार म्हणतात, पण या नजरेला साधारण वीस-तीस टक्क्यांच्या आतली चरबी बऱ्याचदा चकवा देते.

खात्री हवी असेल तर बायोप्सी, म्हणजे बरगड्यांमधून सुई घालून यकृताचा कण काढायचा. तो कण अख्ख्या यकृताच्या पन्नास हजाराव्या भागाएवढा. पोत्यातल्या एका दाण्यावरून तांदूळ पारखण्यातलाच प्रकार, आणि तोही रक्तस्रावाची जोखीम पत्करून.

या दोहोंच्या मधली वाट निघाली ती पॅरिसमधून. तिथल्या ‘ईएसपीसीआय’ या संस्थेत मातिआस फिंक यांची लहरींवर काम करणारी प्रयोगशाळा होती. तिथे घडलेल्या लोरां सांद्रँ यांनी उभ्या केलेल्या तंत्रावर २००१मध्ये ‘इकोसेन्स’ ही कंपनी निघाली आणि २००३मध्ये ‘फायब्रोस्कॅन’ बाजारात आलं. गंमत म्हणजे, हे यंत्र चरबीसाठी बनवलंच नव्हतं. यकृत किती कडक झालंय, एवढाच त्याचा प्रश्न होता.

माठ घेताना आपण बोटानं टिचकी मारून बघतो. हे यंत्रही तेच करतं. बरगड्यांच्या फटीत टेकवलेला प्रोब सेकंदाला ५० कंपनांच्या लयीतला एक हलका धक्का देतो. त्यानं यकृतात एक आडवी थरथर उठते. निरोगी यकृतात ती सेकंदाला जेमतेम एक मीटर सरकते, म्हणजे आपल्या रमतगमत चालण्याच्या वेगानं. तिचा माग काढायला मागोमाग श्राव्यातीत ध्वनीचे ठोके सुटतात, सेकंदाला हजारो. ते धावतात सेकंदाला सुमारे दीड हजार मीटरनं, म्हणून त्या संथ लाटेचा प्रवास त्यांना टिपता येतो. ऊती जितकी कडक, तितकी लाट वेगवान. वेगाचा वर्ग करून तिनानं गुणलं की किलोपास्कलमध्ये कडकपणा मिळतो. एक मीटर वेगाला ३ किलोपास्कल, दोन मीटरला १२. पोटात पाणी झालेल्या रुग्णावर मात्र यंत्र हात टेकतं, कारण आडवी लाट पाण्यातून जातच नाही.

चरबी या गोष्टीत नंतर आली. परत येणाऱ्या ठोक्यांमध्येच आणखी एक माहिती दडलेली होती. चरबी आवाज गिळते. खोल जाताना ठोका किती क्षीण झाला, हे मोजलं तर चरबीचा अंदाज बांधता येईल. मागाली सास्सो आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये ११५ रुग्णांवर हे तपासून मांडलं. रिपोर्टवर ‘सीएपी’ म्हणून दिसतो तो हाच आकडा, मीटरमागे किती डेसिबल घटले ते सांगणारा, १०० ते ४००च्या दरम्यान. १०० म्हणजे सेंटीमीटरमागे एक डेसिबल, ३०० म्हणजे तीन. आणि तीन डेसिबल घटले म्हणजे आवाजाची ताकद निम्म्यावर आली.

तपासणी दहा मिनिटांची. उताणं झोपायचं, उजवा हात डोक्याखाली, बरगड्यांवर गार जेल. मग टिचक्या, निदान दहा. पडद्यावर पोटाचं चित्र दिसेल म्हणून मी मान वळवून बघत होतो, पण तिथे नुसत्या रेघा आणि आकडे. शरीर भारी असेल तर वेगळा, अधिक खोल पोचणारा प्रोब लावतात. दहा मोजण्यांचा मधला आकडा धरतात आणि ते एकमेकांपासून फार फाकलेले नाहीत ना, हेही पाहतात. बायोप्सीच्या कणाच्या निदान शंभरपट भाग एका टिचकीत मोजला जातो.

म्हणजे आता शब्दाच्या जागी आकडा आला आणि भांडण मिटलं? नाही. माझा आकडा आला २८५. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७मध्ये काढलेल्या तीन ग्रेडच्या सीमा होत्या २४८, २६८ आणि २८०. त्यांनुसार मी सर्वांत वरच्या पायरीवर. ब्रिटनमधल्या सात केंद्रांच्या २०१९च्या अभ्यासात सीमा निघाल्या ३०२, ३३१ आणि ३३७. त्यांनुसार पहिली पायरीही मी चढलेलो नाही! कारण रुग्ण वेगळे. पहिल्यात कावीळ-विषाणूचे रुग्णही होते, दुसऱ्यात बहुतेक स्थूल आणि फॅटी लिव्हरचा संशय असलेले. २०१७च्या अभ्यासानंच बजावलं होतं, की मधुमेह असेल तर आकड्यातून दहा वजा करा, वजनाप्रमाणेही फेरफार करा. आपल्याकडच्या शिबिरांत असा हिशेब करून कुणी रिपोर्ट देताना मी तरी पाहिलेलं नाही.

आणि आपली शरीरं युरोपसारखी नाहीत, हे तर पुण्यातूनच जगाला कळलं. केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच उदाहरण छापलं. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. ही मोजणी अख्ख्या शरीराची होती, यकृताची नव्हे. तरी ‘मी तर सडपातळ, मला कसलं फॅटी लिव्हर’ म्हणणाऱ्यांनी ती आठवावी. २०२१मध्ये केंद्र सरकारनं हा आजार मधुमेह-हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला तो उगाच नव्हे.

पण मला खटकतं ते वेगळंच. रिपोर्टवर दोन आकडे असतात आणि जो तो चरबीचाच वाचतो. चरबी हटते, वजन पाच टक्क्यांनी उतरलं तरी ती कमी होऊ लागते. यकृत सिऱ्होसिसकडे जातं ते त्यात तंतू माजल्यानं, म्हणजे फायब्रोसिसनं, आणि त्याची खूण दुसऱ्या आकड्यात असते, जो मोजायला हे यंत्र मुळात बनलं. तो ८ किलोपास्कलच्या आत असेल तर पुढच्या टप्प्यातला फायब्रोसिस बहुधा नाही, असं डॉक्टर धरतात. माझा ५.४ आला होता. चरबीच्या २८५वर घरात आठवडाभर चर्चा झाली, ५.४ कुणी विचारलाही नाही.

तेव्हा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जाल तेव्हा आधी किलोपास्कल विचारा. आणि तपासणीला जाण्याआधी तीन तास काही खाऊ नका. पोट भरलं की यकृताकडे रक्त वाढतं आणि आकडा उगाच चढतो.