ताणून परत येणारा ठसा

दाढेवर कॅप बसवायची ठरली की दंतवैद्य म्हणतात, "आज माप घेऊ." शब्द तसा फसवा आहे, कारण इथे आकडा निघत नाही, ठसा निघतो. लॅबमध्ये त्या ठशात जिप्सम ओतून दाढेची प्रतिकृती करतात आणि जो तंत्रज्ञ तिच्यावर कॅप घडवतो, त्याने पेशंटचं तोंड सहसा पाहिलेलंही नसतं. त्याच्या लेखी ठसा हीच दाढ. म्हणून ठशाची प्रत ठरवताना तो किती बारीक रेघ टिपतो, हे आधी विचारलं जातं. मला ही परीक्षा अपुरी वाटते. रेघ टिपणं त्या मानाने सोपं. दातावरून ओढून काढताना आणि काढल्यावरही ती रेघ जागची न हलणं अवघड.

बारकावे टिपायला एकोणिसाव्या शतकातलं प्लास्टर ऑफ पॅरिसही पुरेसं होतं. पण दाताचं पोट फुगीर आणि मान बारीक. कडक झालेलं प्लास्टर त्या पोटावरून निघेना, म्हणून ते तोडून काढायचं आणि तुकडे बाहेर जुळवायचे. मेण निघे, पण वाकून. ठसा लवचीक हवा हे ओळखून विसाव्या शतकात आधी अगार आलं. दुसऱ्या महायुद्धात जपानचं अगार मिळेनासं झालं, तेव्हा तपकिरी समुद्रशैवालातून निघणाऱ्या अल्जिनेटला बरकत आली. अल्जिनेट स्वस्त आणि सोपं, पण त्यात बहुतेक पाणीच. उघडं राहिलं तर ते आक्रसतं, पाण्यात ठेवलं तर फुगतं. नंतरच्या कंडेन्सेशन सिलिकोनमध्ये पाण्याचं दुखणं नव्हतं, पण घट्ट होताना अल्कोहोल तयार होऊन उडून जाई आणि तेवढा ठसा आकसे. 1970च्या दशकातल्या अ‍ॅडिशन सिलिकोनच्या मूळ अभिक्रियेत असा उपपदार्थच उरत नाही. ताणलं तरी ते 99 टक्क्यांहून अधिक मूळ आकारावर येतं आणि काही दिवसांनीही त्यात जिप्सम ओतता येतं. नखरे त्याचेही आहेतच: लॅटेक्सचे हातमोजे घालून त्याची कणकेसारखी पुटी मळली, तर हातमोज्यांतल्या गंधकामुळे ती नीट घट्टच होत नाही.

यावर कोणी म्हणेल, कवळीच्या पहिल्या मापाला अल्जिनेट चालतं, मग कॅपसाठी महागडं सिलिकोन कशाला? कवळीच्या पहिल्या ठशातली चूक पुढच्या ठशात सुधारता येते. कॅपच्या कडेला राहिलेली फट मात्र सिमेंटने बुजवावी लागते, ते झिजतं आणि तिथेच कीड शिरते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सामग्रीपेक्षा हात महत्त्वाचा. खरंच आहे. हिरडीतून रक्त येत असेल, तर पाण्याशी फटकून वागणारं सिलिकोन कड टिपणार नाही. पाण्याशी जमवून घेणारं पॉलिइथर तिथे बरं, पण ते इतकं ताठ की हलत्या दातांवरून ओढताना धास्ती वाटावी. हात कितीही कसलेला असला, तरी ठसा ओढल्यानंतर काय होणार ते सामग्रीच ठरवते.

उरला ठशाऐवजी दाताचं चित्र घेणारा स्कॅनर. झुरिकमध्ये 1985 साली 'सेरेक' यंत्राने तोंडातच दाताचं छायाचित्र घेऊन भरण तयार केलं, तेव्हापासून ठशाचे दिवस भरल्याचं बोललं जातं. ओढण्याची भानगडच नको म्हणणारा स्कॅनर खरं तर माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे, आणि एक-दोन कॅपसाठी तो उत्तम काम देतो. पण संपूर्ण जबड्याचं चित्र तुकडे जोडून बनतं आणि प्रत्येक सांध्यावरची बारीक चूक पुढे साठत जाते. शिवाय प्रकाश पोचेल तेवढंच त्याला दिसतं. हिरडीखाली गेलेली कड उघडी करायला स्कॅनरवालाही ठसा घेणाऱ्यांचा तोच जुना दोरा दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत दाबून बसवतो.