खुर्ची पक्की, जीभ मोकळी!

प्रोफेसरसाहेब कुलगुरूंना टोचतात, सरकारला झोडतात, तरी नोकरी शाबूत! या अमेरिकी कवचकुंडलांचं नाव टेन्युअर. ती एकदा मिळाली की ठोस कारणाशिवाय कुणी घरी पाठवू शकत नाही. चला, झटपट राउंड मारू!

मालकीणबाई खवळल्या!
रेल्वेसम्राट स्टॅनफर्ड यांच्या विद्यापीठात एडवर्ड रॉस रेल्वेवाल्यांवर आणि आशियाई मजुरांच्या आगमनावर जाहीर तोफा डागायचे. स्टॅनफर्ड यांच्या पत्नी जेन भडकल्या आणि १९०० मध्ये रॉस यांची गाडी रुळावरून खाली! ट्विस्ट असा, की आशियाईंबद्दलची रॉस यांची मतं चक्क वंशद्वेषी होती. तरीही सहकारी आर्थर लव्हजॉय यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. मत पटो न पटो, बोलण्याचा हक्क हवाच!

बाबासाहेबांचे गुरुजी
माहीत आहे का? १९१५ मध्ये याच लव्हजॉय यांनी जॉन ड्युई यांच्यासोबत अमेरिकी प्राध्यापकांची संघटना उभारली. ड्युई म्हणजे कोलंबियात डॉ. आंबेडकरांना शिकवणारे! त्या वर्षी बाबासाहेब तिथेच शिकत होते.

सात वर्षांची परीक्षा
याच संघटनेच्या पुढाकाराने ठरलेला १९४० चा दंडक सांगतो: उमेदवारी जास्तीत जास्त सात वर्षं. पास झालात तर कायम. नापास? सामान बांधा!

‘कॉसमॉस’वालेही नापास
कार्ल सेगन यांना हार्वर्डने १९६८ मध्ये टेन्युअर नाकारली. ते कॉर्नेलला गेले आणि टीव्हीवरच्या ‘कॉसमॉस’ मालिकेतून जगाला तारे दाखवले. हार्वर्डला मात्र दिवसा!

पोटमाळ्यावरचं गुपित
टेन्युअर खिशात असलेले प्रिन्स्टनचे गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स सात वर्षं घराच्या पोटमाळ्यावर गुपचूप फर्माचं गणिती कोडं सोडवत होते. संशय नको म्हणून जुनं संशोधन हप्त्याहप्त्याने छापत राहिले! १९९३ मध्ये उत्तर जाहीर केलं, त्यात चूक निघाली, १९९४ मध्ये ती दुरुस्त झाली. साडेतीनशे वर्षांचं कोडं खल्लास!

नोबेल आहे, प्रमोशन नाही
२०१८ मध्ये डोना स्ट्रिकलंड यांना फिजिक्सचं नोबेल मिळालं, तेव्हा कॅनडात त्या असोसिएट प्रोफेसरच होत्या. का? अर्जच केला नव्हता!

थॅचरबाईंची कात्री
ब्रिटनमध्ये थॅचर सरकारने १९८८ च्या कायद्याने नव्या नेमणुकांची टेन्युअर छाटली. अमेरिकेतही आज सुमारे दोन तृतीयांश अध्यापक तिच्या बाहेर. आणि आपले ‘सीएचबी’वाले, म्हणजे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक? ते तासांवर पगार मोजतात.

म्हणून कुणी ‘पर्मनंट झाला, आता आराम!’ म्हणालं, तर एवढंच विचारा: अकरा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर सात वर्षांचं कोडं कोण हाती घेईल?