शिटी ठेवण्यापूर्वी

बट्टीबरोबरच्या वरणासाठी तुरीची डाळ कुकरला लावल्यावर, नळीतून वाफेचा सरळ झोत निघेपर्यंत शिटी न ठेवण्याची जी खबरदारी खान्देशातील गृहिणी पूर्वापार घेते, तीच शस्त्रक्रियागृहातील ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखालील वाफेने उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, बाबतीत रोग्याच्या जिवाशी निगडित होते. कारण वाफेला जागा मिळावयाची तर आतील हवा प्रथम गेली पाहिजे. ती पूर्ण गेली असता दर चौरस इंचास १५ पौंड दाबाला १२१ अंश सेल्सिअस तापमान मिळते, निम्मीच गेली तर ११२, आणि मुळीच न गेली तर काटा तोच दाब दाखवीत असतानाही आत अवघे १०० अंश असतात. केवळ काट्यावर इतबार ठेवणे म्हणूनच घातक. (तोरणमाळच्या सुमारे ११५० मीटर उंचीवर तर बाहेरचा वायुभार कमी असल्याने, हवा पूर्ण काढूनही तोच काटा सुमारे ११९ अंशांचाच दाखला देतो.)

रुग्णालयात जिला ‘सायकल’ म्हणतात त्या निर्जंतुकीकरणाच्या फेरीची निवड धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात करावयाची असो वा चोपड्याकडील एखाद्या दंतवैद्याच्या दवाखान्यात, पहिला प्रश्न एकच: या वस्तूत हवा कोठे दडेल? भरीव चिमटे व कात्र्या यांभोवतीची हवा वाफेहून जड असल्यामुळे तळच्या वाटेने आपसूक निघून जाते, आणि गुंडाळलेल्या अशा संचास १२१ अंशांवर ३० मिनिटे पुरतात. परंतु दाताच्या यंत्राची पोकळ मूठ, अरुंद नळ्या, कापडाचे जाड गठ्ठे यांत हवा अशी अडकून बसते की पंपाने ती पुनःपुन्हा ओढून घेतल्यावाचून गत्यंतर नसते. मग मात्र १३४ अंशांवर तीन-चार मिनिटांत काम होते. पंपाविना नुसते तापमान चढविल्याने ही उणीव भरून निघते, हा समज मला फार चिंतेचा वाटतो. रबर-प्लास्टिकच्या वस्तूंसाठी निर्मात्याची सूचनाच प्रमाण.

पंप आपले काम चोख करतो याची खातरजमा १९६३ पासून प्रचलित असलेल्या बोवी-डिक चाचणीने रोज सकाळी करता येते: गठ्ठ्यातील कागद मध्यभागी फिकट राहिला, तर तेथे हवा उरली होती. जिवाणूंचे चिवट बीजाणू खरोखर मेले की नाही, हे मात्र बीजाणूंची कुपी ठेवूनच कळते.

भारनियमनाने मध्येच वीज गेली तर उरलेली मिनिटे मोजून भागत नाही. सायकल आरंभापासून चालवावी लागते. शेवटच्या वाळवणीतही कसूर चालत नाही, कारण ओल्या कापडातून जंतू आत झिरपतात. आणि म्हणून दमट निघालेला गठ्ठा, शस्त्रक्रिया तासभर तहकूब करावी लागली तरी, नव्या कोरड्या कापडात बांधून पुन्हा यंत्रात गेला पाहिजे.