सिटाडेल पुन्हा बांधताना

‘सिस्टम शॉक’ खेळायला बसताना हाताशी कागद-पेन्सिल ठेवावी. सिटाडेल या अवकाशस्थानकावर मजल्यामजल्यावर संगणकांच्या खोल्या आहेत. तिथली यंत्रं फोडली की पडद्यावर एक अंक उमटतो. सहा मजल्यांचे असे सहा अंक एकापुढे एक लिहिले की अणुभट्टी उडवण्याचा संकेतांक तयार होतो. दर नव्या डावात हे अंक बदलतात, त्यामुळे मित्राला विचारूनही भागत नाही. नेहमीच्या पातळीवर खेळलात तर कुठे जायचं हे दाखवणारा बाणसुद्धा नाही. १९९४ साली हे असंच होतं आणि २०२३ च्या रीमेकमध्येही तसंच आहे. जुना गेम नव्याने करताना काय सोडायचं आणि काय राखायचं, हे मला या एका गोष्टीतून सगळ्यात नीट कळलं.

मूळ गेम लुकिंग ग्लास या अमेरिकी कंपनीचा, डॉसवर चालणारा. डग चर्च त्याचे दिग्दर्शक आणि वॉरन स्पेक्टर निर्माते. शनीभोवती फिरणाऱ्या सिटाडेलवर शोडान नावाची कृत्रिम बुद्धिमत्ता कारभार पाहते. एका लोभी अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून एक हॅकर तिच्यावरची नैतिक बंधनं काढून टाकतो आणि सहा महिन्यांच्या बेशुद्धीतून उठतो तेव्हा स्थानकावर बोलायला कुणी जिवंत माणूस उरलेला नसतो. मागे राहिलेले असतात फक्त त्यांचे ध्वनिमुद्रित निरोप.

२००० साली लुकिंग ग्लास बंद पडली आणि या गेमचे हक्क फिरत फिरत एका विमा कंपनीच्या कपाटात जाऊन पडले. नाइटडाइव्ह स्टुडिओचे स्टीफन किक यांनी तिथपर्यंत माग काढला. रीमेकची पहिली पायरी बहुधा अशीच असते. कोड लिहिण्याआधी मालक शोधावा लागतो.

मग प्रश्न येतो की जुनाच प्रोग्रॅम नव्या यंत्रावर का चालवू नये? चालवता येतो. नाइटडाइव्हने २०१५ मध्ये सुधारित आवृत्ती काढली ती त्याच मार्गाने. पण जुना कोड त्या काळच्या प्रोसेसरसाठी, ३२० गुणिले २०० ठिपक्यांच्या पडद्यासाठी आणि २५६ रंगांसाठी लिहिलेला होता. त्यातून नवा प्रकाश, नव्या सावल्या काढायच्या तर सगळं पायापासूनच बांधावं लागतं. पायापासून म्हणजे नकाशापासून. सिटाडेलचा एकेक मजला म्हणजे ६४ गुणिले ६४ चौकोनांचा पट होता. जमीन किती उंचीवर, छत किती, उतार कुठल्या बाजूला, भिंत तिरकी की सरळ, एवढंच त्या चौकोनात नोंदलेलं असे. म्हणजे नकाशा हे चित्र नव्हतं, ते मोजमापांचं कोष्टक होतं. रीमेकमधल्या भिंती, पाइप, दिवे सगळे नवे आहेत, पण मूळ गेम खेळलेल्या माणसाचे पाय जुन्या वाटा ओळखतात. वळणं आणि लिफ्टच्या जागा बहुतेक तिथेच आहेत.

भिंतींवरच्या चित्रांकडे, म्हणजे टेक्स्चरकडे, जरा जवळून पाहू. जुन्या गेममधलं टेक्स्चर फार तर १२८ ठिपके रुंद. खेळाडू भिंतीला नाक लावून उभा राहिला की त्या चित्रातला एकच ठिपका पडद्यावरचे शेकडो ठिपके व्यापतो. मधली जागा कशी भरायची, याचे दोन मार्ग आहेत. एक, शेजारच्या ठिपक्यांचे रंग एकमेकांत मिसळायचे. मग भिंत गुळगुळीत पण धूसर दिसते. दुसरा, जो ठिपका सर्वांत जवळचा त्याचाच रंग जसाच्या तसा घ्यायचा. मग ठसठशीत चौकोन दिसतात. आजचे बहुतेक गेम पहिल्या मार्गाने जातात. या रीमेकने जाणूनबुजून दुसरा धरला. लांबून पाहिलं तर धातूवर निळा-जांभळा प्रकाश ओघळतोय, वाफ तरंगतेय, सगळं आजच्या काळातलं. दोन पावलं पुढे गेलात की भिंतीवर चौकोन उमटतात आणि १९९४ समोर येतं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. आठवणीतला गेम आणि डोळ्यांना आज लागणारं चित्र, दोन्ही एकाच भिंतीवर नांदतात.

इथवर पोचायला मात्र बरीच वर्षं गेली. २०१६ मध्ये २१ हजारांहून जास्त लोकांनी किकस्टार्टरवर सुमारे साडेतेरा लाख डॉलर दिले. सुरुवात युनिटी या इंजिनवर झाली, पुढे काम अनरिअलवर गेलं. नव्या कल्पना सुचत गेल्या, गेम मूळ आराखड्यापासून दूर सरकत गेला, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये किक यांनी उघडपणे ते मान्य करून काम थांबवलं. नंतर पुन्हा सुरू केलं ते मूळ गेमला धरून. ज्यांनी पैसे दिले होते त्यांची निराशा मी समजू शकतो, पण ते थांबणं आवश्यक होतं असंच मला वाटतं. पीसीवर गेम आला ३० मे २०२३ रोजी आणि कन्सोलवर २१ मे २०२४ रोजी.

कन्सोलवरचं खरं अवघड काम हाताचं असतं. मूळ गेम माउस आणि कीबोर्डसाठी केलेला. वाकायचं, बाजूला झुकायचं तर पडद्यावरच्या छोट्या आकृतीवर क्लिक करता येई. कंट्रोलरवर तशी सोय नसते. माउस ‘किती’ हलायचं ते सांगतो, कंट्रोलरची काठी ‘किती वेगाने’ ते सांगते. माउस दोन इंच सरकवला की नजर ठराविक कोनात वळून थांबते. काठी मात्र धरून ठेवाल तोवर नजर फिरतच राहते, म्हणून नेम हमखास पुढे निघून जातो.

त्यावर गेम बनवणाऱ्यांकडे काही ठरलेले उपाय आहेत. काठी सोडली तरी ती अचूक मध्यावर येत नाही, म्हणून मध्याभोवतीची थोडी जागा हिशेबातच धरत नाहीत. मग वेगाला वळण देतात. काठी अर्धी ढकलली तर अर्धा वेग न देता अर्ध्याचा वर्ग, म्हणजे पाव वेग द्यायचा. त्यामुळे बारीक हालचाल अंगठ्याच्या आवाक्यात येते आणि पूर्ण ढकलल्यावर पूर्ण वेगही मिळतो. शिवाय नेम शत्रूजवळ आला की फिरण्याचा वेग किंचित कमी करतात. खेळणाऱ्याला हे जाणवू नये, यातच सगळं कसब.

वेळेचा हिशेबही कडक असतो. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला जेमतेम १६.६ मिलिसेकंद मिळतात आणि २०१३ सालच्या प्लेस्टेशन ४ लाही गेम झेपेल असं पाहावं लागतं. इथे जुना आराखडाच कामी येतो. मजले लिफ्टने एकमेकांपासून तोडलेले असल्यामुळे अख्खं स्थानक एकदम स्मृतीत ठेवावं लागत नाही.

शोडानचा आवाज पुन्हा टेरी ब्रोशस यांनीच दिला. मूळ फ्लॉपी आवृत्तीत तो नव्हताच, सीडी आवृत्तीत आला. तुटक, मध्येच घसरणारा तो आवाज दुसऱ्या कुणाकडून करवून घेतला असता तर मी हा रीमेक आपला मानला नसता. शोडानशी होणारी शेवटची लढत मात्र कन्सोलवर आणताना बदलली आणि नायक स्त्री असावी की पुरुष हे निवडण्याची सोयही तेव्हाच आली.

नव्याने खेळणाऱ्याला सुरुवातीलाच चार गोष्टींची पातळी ठरवावी लागते: लढाई, मोहीम, कोडी आणि सायबरस्पेस, म्हणजे संगणकांच्या आतली आभासी जागा. हीसुद्धा १९९४ चीच रचना. मोहीम सर्वांत वरच्या पातळीवर ठेवू नका, तिथे वेळेची मर्यादा लागते आणि मग निरोप ऐकायला उसंत मिळत नाही. ते निरोप सावकाश ऐका. दारांचे संकेतांक त्यातच सापडतात.